आपले पत्र कोण वाचते?

पूर्वी गावात पत्र आले की निरक्षर माणूस पोस्टमनदादांना म्हणे, "दादा, तेवढं वाचून दाखवा हो." मग लेकीचे दुःख, सावकाराचा तगादा, सारे परक्याच्या कानी जाई. आपण लिहायला-वाचायला शिकलो ते कशासाठी? आपले पत्र आपणच वाचावे, यासाठीही!

आता पत्र फोनवर येते. ते आपण स्वतः वाचतो. पण ते आणखी कोणी वाचते का? पाहू या.

सन २००४ मध्ये अमेरिकेतल्या गूगल कंपनीने 'जीमेल' सुरू केले. टपालाला तिकीट लागते. इथे तिकीट नाही. मग खर्च कोण देणार? जाहिरात देणारे व्यापारी! त्यासाठी कंपनीचा संगणक लोकांच्या पत्रांतले शब्द चाळू लागला. पत्रात प्रवासाची गोष्ट निघाली, की शेजारी प्रवासाची जाहिरात दिसे.

"माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं," असे कंपनी म्हणे. तरी पुष्कळांना हे रुचले नाही. जीमेल घेणाऱ्याने निदान अट मान्य केली होती. पण त्याला दुसरीकडून पत्र पाठवणाऱ्याचे काय? त्याला कोणी विचारलेच नव्हते. अखेर जून २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की जाहिरातींसाठी पत्रे चाळणे आम्ही थांबवतो. जीमेलमध्ये जाहिराती आजही दिसतात. पण त्या पत्रावरून नव्हे, आपण गूगलवर काय शोधतो, अशा गोष्टींवरून निवडतात.

आता व्हॉट्सॲपचे पाहा. पोस्टकार्ड कोणीही वाचू शकतो. बंद पाकीट तसे वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवरचा आपसांतला निरोप सन २०१६ पासून बंद पाकिटासारखा आहे. तो पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतो. पण पाकिटाची बाहेरची बाजू? कोणी, कोणाला, केव्हा पाठवले, हे कंपनीला कळू शकते.

जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने 'स्टेटस'च्या जागी जाहिराती दाखवण्याचे जाहीर केले. आपले शहर, आपली भाषा, आपण कोणती चॅनेल पाहतो, यांवरून त्या निवडायच्या. निरोपातला मजकूर त्यासाठी घेत नाही, असे कंपनी सांगते. मात्र दुकानाला किंवा कंपनीला लिहिलेला निरोप त्यांच्याच हाती पडतो, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, "जाहिरात दिसली तर बिघडलं काय?" बी-बियाण्याची दिसली, तर काही बिघडत नाही. पण घरात आजारपण आहे, पैशाची नड आहे, म्हणून आपण फोनवर कर्ज शोधले. लगेच कर्जाच्या जाहिराती पाठीस लागतात. गरजवंताला अक्कल नसते, अशी म्हण आहे. आपली गरज दुसऱ्याला आधी कळली, की सौदा त्याच्या हाती जातो. खरा धोका हा आहे.

मग काय करावे?

गूगलच्या खात्यात जाहिरातींचे पान असते. तेथे आपल्यासाठी खास निवडलेल्या जाहिराती बंद करता येतात. जाहिराती थांबत नाहीत, पण आपल्या मागावर राहून निवडलेल्या दिसत नाहीत. नको असलेल्या दुकानाचे निरोप 'ब्लॉक' करावेत. कर्जाची जाहिरात दिसली, तर बोट लावण्याआधी घरात विचारावे, बँकेत विचारावे. 'मान्य' हे बटण दाबण्यापूर्वी वर काय लिहिले आहे, ते वाचावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. हक्क कागदावर आहे. तो राखणे आपल्या हाती आहे. आपण वाचायला शिकलो आहोत. तेव्हा सही करण्याआधी वाचू या, आणि बोट लावण्याआधीही वाचू या.