सहा महिन्यांत नर्स होत नाही

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी, लांजा, चिपळूण, कुठेही विचारा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: “दहावीवर सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स आहे, लगेच नोकरी.” दरवर्षी सांगूनही हा समज हलत नाही, म्हणून पुन्हा एकदा. सहा महिन्यांत नर्स होत नाही. वर्षभरातही नाही.

अशा वर्गांच्या प्रमाणपत्रावर बहुधा ‘नर्सिंग असिस्टंट’ किंवा ‘पेशंट केअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. रुग्णाला कूस बदलून देणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं ही कामं त्यात शिकवतात. काम प्रामाणिक आहे, त्याची गरजही आहे. पण तेच ‘नर्सिंग’ म्हणून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे. मुलीला ती कळते स्टाफ नर्सच्या सरकारी भरतीचा अर्ज भरताना. तिथे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक मागतात आणि तो तिच्याकडे नसतो. तोवर बापाने फीसाठी कर्ज काढलेलं असतं.

ही नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ प्रमाणे होते. रजिस्टर्ड नर्स होण्याचे रस्ते दोन. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएमला इंग्रजी विषयासह बारावी लागते, खुल्या प्रवर्गात किमान ४० टक्क्यांनी. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. दोन वर्षांच्या एएनएमचीही कौन्सिलकडे नोंद होते, पण सहायक परिचारिका प्रसाविका म्हणून. गावच्या उपकेंद्रावर लसीकरण करणाऱ्या सिस्टर बहुतेक याच.

कुणी प्रॉस्पेक्टस हातात दिलं तर इमारतीचे फोटो नंतर बघा. आधी विचारा, संस्थेचं स्वतःचं रुग्णालय कुठलं आणि खाटा किती? जीएनएम आणि बी.एस्सी.साठी भारतीय परिचर्या परिषदेची अट किमान १०० खाटांच्या रुग्णालयाची आहे. वॉर्डातल्या ड्यूट्या हाच निम्मा अभ्यास. संस्थेचं नाव कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का, तेही स्वतः पाहा. एजंटच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही.

बाकीचे समज किरकोळ.

“जीएनएमला सायन्सच लागतं.” नाही, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही दार उघडं आहे.

“बी.एस्सी. नर्सिंगला नीट द्यावी लागते.” राज्यात २०२४ पासून वेगळी सीईटी आहे.

“घरबसल्या, पत्राने जीएनएम होतं.” इंजेक्शन पत्राने शिकता येत असेल तर होईल.

“जीएनएम केलं की पुढे वाट बंद.” दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. त्यांच्यासाठीच आहे आणि त्यापुढे एम.एस्सी.

“हे मुलींचं काम.” मुलींपुरतं आहे ते फक्त एएनएम. जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलगेही अर्ज करू शकतात.