कोकमाचं विरजण!

हुडकेश्वरच्या दोस्ता, आईला विचारून आमसुलांची बरणी उघड बरं! काळी, सुरकुतलेली, आंबटढाण आमसुलं! ही असते कोकमाच्या फळाची वाळवलेली साल. कोकमाचं झाड आपल्या नागपूरकडे दिसत नाही. त्याला कोकणातली दमट हवा आवडते.

आता गंमत ऐक. कोकमाच्या झाडांत काही नर असतात आणि काही मादी! फळं लागतात ती मादी झाडाला. बिया पेरून शंभर झाडं वाढवली, तर त्यांतली साधारण निम्मी नर निघतात.

आणि हे कळतं कधी? ओळख पाहू!

फुलं आल्यावर! आणि बियांपासून वाढलेल्या कोकमाला फुलायला सात-आठ वर्षं लागतात. म्हणजे तुझा जन्म झाला त्या दिवशी कुणी बी पेरली असती, तर तू दुसरी-तिसरीत गेल्यावर कळलं असतं, की अरेच्चा, हे झाड तर फळ देणारच नाही! इतकी वर्षं पाणी घातलं, खत घातलं, गुरांपासून राखलं... मला तर त्या शेतकऱ्याचं फार वाईट वाटतं.

मग करायचं काय? फळांनी लगडलेल्या झाडाच्याच हुबेहूब प्रती काढायच्या. ही जादू करतं टिश्यू कल्चर.

घरी दही कसं लावतात, आठव. चमचाभर विरजण आणि पातेलंभर दूध! सकाळी पातेलंभर दही. त्यातलंच चमचाभर घेऊन पुन्हा नवं पातेलं. गोड विरजणाचं दही गोड.

इथे विरजण म्हणजे झाडाचा इवलासा तुकडा. कधी कोवळा शेंडा, कधी फांदीचं पेर. दुधाच्या जागी बाटलीतली जेली! ही जेली घट्ट होते ती समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगारमुळे. जेलीत असतात क्षार, जीवनसत्त्वं आणि चक्क साखर! एवढ्याशा तुकड्याला स्वतःचं पुरेसं अन्न करता येत नाही ना, म्हणून.

पण खरं नवल पुढेच आहे. जेलीत दोन प्रकारची संप्रेरकं घालतात. संप्रेरक म्हणजे झाडाला निरोप देणारं रसायन. एकाचं प्रमाण वाढवलं की तुकड्याला कोंब फुटतात. दुसऱ्याचं वाढवलं की मुळं! 1957 साली स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. एका तुकड्याचे अनेक कोंब, प्रत्येक कोंबाचे पुन्हा तुकडे, त्यांना पुन्हा कोंब...

सगळं अगदी स्वच्छ लागतं हं! पातेलं खराब असलं की दही नासतं. इथेही एक बुरशीचा कण शिरला, की बाटली गेली!

त्यातून झाडं भारी हट्टी. वांगं चिरलं की काळं पडतं, पाहिलंयस ना? कित्येक झाडांचे कापलेले तुकडेही तसेच काळवंडतात आणि मरून जातात. म्हणून केळीची टिश्यू कल्चर रोपं शेतकऱ्यांना सहज मिळतात, पण कोकम, जायफळ अशा झाडांसाठी शास्त्रज्ञांना फार झगडावं लागतं.

मुंबईत मुलुंडच्या वझे महाविद्यालयातल्या संशोधकांनी हा झगडा केला. बाटलीतल्या कोकमाच्या रोपांना मुळं कशी फुटवायची आणि बाहेरच्या हवेची सवय कशी लावायची, यावरचं त्यांचं काम 2005 साली प्रसिद्ध झालं. सवय लावावीच लागते! बाटलीत हवा दमट, रोप नाजूक. थेट आपल्या मे महिन्याच्या उन्हात ठेवलं, तर क्षणात मान टाकेल बिचारं.

शेतात मात्र आजही कोकमाची कलमंच जास्त बांधली जातात. तीही छानच युक्ती आहे.

आणि अशी करामत आपल्या नागपुरातही चालते, बरं का! अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथे संत्र्याच्या कोंबाचा मिलिमीटरहूनही लहान शेंडा कापतात आणि परीक्षानळीत वाढवलेल्या बाळरोपावर त्याचं कलम करतात! एवढाच शेंडा का? कारण झाडाला विषाणूचा रोग झाला असला, तरी अगदी टोकाच्या शेंड्यापर्यंत विषाणू बहुधा पोचलेला नसतो. रोगट झाडापासून निरोगी रोप!

यंदा शाळेची सहल कुठे न्यायची असं बाईंनी विचारलं, तर हात वर कर आणि या संस्थेचं नाव सांग!