घरांतील मत्स्यपात्रास सांडवा

कोयनेचें धरण १९६४ सालीं पुरें झालें. त्याच्या सांडव्यास ६ वक्र दरवाजे आहेत. ते उघडले म्हणजे पाणी कऱ्हाडास कृष्णेस मिळून सांगलीकडे जातें. साठवण तितकी मोठी नसली, तरी दिवाणखान्यांतील कांचेच्या मत्स्यपात्रासही सांडवा हवाच. कारण खालच्या टाकींतून पंपानें चढविलेलें पाणी परत उतरावयास निर्धोक वाट पाहिजे.

छिद्र पाडण्यापूर्वीं कांच टफन्ड नाहीं याची खात्री करावी. तशी कांच क्षणांत चूर होते. हिऱ्याच्या कणांचें पोकळ गिरमिट, पाण्याची संतत धार व हलका हात यांनीं काम साधतें. छिद्र कडेपासून निदान त्याच्या व्यासाइतकें दूर असावें.

नळ दोन ठेवावेत. पहिला झडपेनें आवळून पूर्ण भरलेला वाहूं द्यावा. पाण्यांत हवा मिसळली कीं गुडगुड होते व वडील मंडळींची झोंप मोडते. दुसरा किंचित् उंच व मोकळा असावा. पहिला तुंबल्यास तोच घर राखतो. वीज गेल्यास वरून उतरणाऱ्या पाण्यापुरती जागा खालच्या टाकींत रिकामी ठेवावी.

मासे सोडण्यापूर्वीं पंप मुद्दाम बंद करून, नंतर तो चालू ठेवून व पहिला नळ बुजवून पाहावें. जमीन दोन्ही वेळां कोरडी राहिली, तरच काम पुरें झालें असें समजावें.