आंबट तांबड्या बिअरची पारख

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतातील रूसेलारे या गावी १८२१ साली रोडेनबाख या बिअरच्या कारखान्याची स्थापना झाली. तेथील तांबडी बिअर ओक लाकडाच्या प्रचंड पिंपांत सुमारे दोन वर्षे मुरवितात. या अवधीत जीवाणू तिच्यात मुख्यतः दोन अम्ले निर्माण करतात. लॅक्टिक अम्ल दह्यातही असते. त्याचा आंबटपणा सौम्य असतो. ॲसेटिक अम्ल हे शिरक्याचे अम्ल होय. ते घशाला झोंबते. लाकडातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनच्या साहाय्याने काही जीवाणू अल्कोहोलापासून ते तयार करतात.

म्हणून बिअर किती आंबट आहे, एवढे पाहून परीक्षकाचे भागत नाही. आंबटपणा कोणत्या जातीचा, हे ओळखावे लागते. प्रथम वास घ्यावा. चेरीसारख्या फळांचा वास इष्ट होय. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा उग्र वास एथिल ॲसिटेटचे आधिक्य दर्शवितो. मग घोट जिभेवर घोळवून आंबटपणास माल्टच्या गोडव्याची जोड आहे की नाही, हे पाहावे.

मुरलेल्या बिअरमध्ये ताजी बिअर मिसळून हा तोल साधतात. प्रत्येक पिंपाची चव निराळी असल्याने चाखल्यावाचून हे मिश्रण ठरविता येत नाही. दोन वर्षांची प्रतीक्षा सफल झाली की पिंपात शिरकाच उरला, याचा निर्णय अखेर त्या एका घोटावर होतो.