हेगचा खटला आणि डहाणूचा खलाशी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून दर हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणाऱ्या पोरांना मात्र हा सल्ला कामाचा नाही. पोरबंदर, ओखा, वेरावळकडून निघालेली बोट मासळीच्या मागे पुढे सरकते, पाकिस्तानची गस्ती बोट येते आणि सगळ्यांना कराचीला नेते. मग कोर्ट परके, भाषा परकी आणि तुरुंगही परका. इकडे घरी बायको-पोरे तोंडाकडे बघत बसतात.

भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार भारतीय असल्याचे किंवा भारतीय समजले जात असल्याचे कळवले. २०२४ साली डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला, त्याचा देह घरी यायला कित्येक आठवडे लागले. अशा माणसाच्या बाजूने जो कायदा उभा राहतो, त्याला आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. तो मांडणारे वकील कसे घडतात आणि त्यांच्या कामाचा आपल्या गावाशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

कायदा आपल्या दारात

हा कायदा आपल्या भागाला नवा नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेशी १९६३ साली झालेल्या तीस वर्षांच्या करारावर उभ्या राहिल्या. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला, १९७८ ला अमेरिकेने नवा कायदा केला आणि तारापूरच्या इंधनावरून दोन्ही सरकारांत वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी १९८२ पासून इंधन फ्रान्सकडून घ्यायचे ठरले. करारातल्या एका कलमाचा अर्थ काय, यावर बोईसरजवळच्या भट्टीचे इंधन अडून राहिले होते.

शेतकऱ्यांचेच उदाहरण घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे वाडा कोलम तांदळालाही मिळाले. ज्या कायद्याखाली ते मिळते तो आपल्या संसदेने १९९९ ला केला, आणि त्याचे मूळ जागतिक व्यापार संघटनेच्या करारात आहे. तारापूर एमआयडीसीतला कारखानदार परदेशी माल पाठवतो, तेव्हा वाद झाल्यास लवाद कुठल्या शहरात बसणार हे सौद्याच्या कागदात आधीच लिहावे लागते. ही सगळी कामे याच वकिलांची.

नागपूर ते हेग

या क्षेत्रातले आपल्या राज्यातले सर्वांत ठळक नाव म्हणजे ॲड. हरीश साळवे. जन्म १९५५ चा, बालपण आणि शिक्षण नागपूरचे. वडील एन. के. पी. साळवे चार्टर्ड अकाउंटंट होते, पुढे केंद्रात मंत्री झाले. आजोबा फौजदारी वकील. म्हणजे घरात कायदा आणि हिशेब दोन्ही होते, हे मान्य करायला हवे. मुलगाही आधी हिशेबाच्याच बाजूला गेला आणि करसल्ल्याचे काम करू लागला. नागपूर विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९८० मध्ये दिल्लीला जे. बी. दादाचंदजी यांच्या कार्यालयात ते उमेदवारीला लागले. त्यानंतर १९८६ पर्यंत सोली सोराबजी यांच्या हाताखाली काम केले. १९९२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ज्येष्ठ वकिलाचा दर्जा दिला आणि १९९९ ते २००२ ते देशाचे सॉलिसिटर जनरल होते.

या वाटचालीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. परदेशी कोर्टात उभे राहण्याआधी या माणसाने इथल्या कोर्टात अनेक वर्षे काढली. करार वाचायची सवय कराच्या फायलींतून लागली आणि उलटतपासाला टिकेल असा युक्तिवाद ज्येष्ठांच्या हाताखाली शिकता आला. थेट हेगला जाणारी गाडी नसते.

जाधव खटल्यात काय झाले

कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावल्याचे १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाले. भारताने ८ मे रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. साळवे यांनी फी घेतली एक रुपया, असे तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सांगितले होते.

हे कोर्ट आपल्या तालुका कोर्टासारखे नव्हे. तिथे फक्त देश देशाविरुद्ध जाऊ शकतो, माणूस किंवा त्याचे घरचे जाऊ शकत नाहीत. शिवाय समोरच्या देशाने या ना त्या मार्गाने कोर्टाचा अधिकार मान्य केलेला असावा लागतो. १९९९ मध्ये विमान पाडल्याच्या प्रकरणात पाकिस्तान आपल्याविरुद्ध तिथे गेला होता. तेव्हा भारताची बाजू सोराबजी यांनी मांडली आणि २००० साली कोर्टाने आपल्याला अधिकारच नाही असे म्हणून दावा बाजूला केला. म्हणजे जाधवांच्या वेळी पहिला प्रश्न होता, दार कुठून उघडायचे? दूतावासांबाबतचा १९६३ चा व्हिएन्ना करार आणि त्याला जोडलेला वाद सोडवण्याचा करार दोन्ही देशांनी मान्य केला होता. भारत त्या दाराने आत गेला.

त्या कराराचे कलम ३६ साधे आहे. परदेशी माणसाला पकडले तर त्याला त्याचे हक्क विनाविलंब सांगायचे, त्याने मागणी केली तर त्याच्या दूतावासाला कळवायचे आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचे. आरोप हेरगिरीचा आहे म्हणून हे लागू नाही, असे पाकिस्तान म्हणाला. २००८ चा दोन देशांतला वेगळा करारही पुढे केला. कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला की पाकिस्तानने कलम ३६ मोडले, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी थांबवावी. सुटका करा, ही भारताची मागणी मात्र कोर्टाने मान्य केली नाही. निकाल मोठा होता, पण माणूस घरी आला नाही. या कायद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात.

मग आपल्या खलाशाचे काय?

कलम ३६ खलाशालाही लागू आहे. त्याखेरीज २००८ च्या करारात दोन मुदती आहेत. अटकेनंतर तीन महिन्यांत दूतावासाची भेट, आणि शिक्षा पूर्ण होऊन नागरिकत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्यात सुटका. समुद्री कायद्याच्या १९८२ च्या कराराचे कलम ७३ आणखी पुढे जाते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात केवळ मासेमारीच्या गुन्ह्यासाठी कैद देता येत नाही, दोन देशांत तसा वेगळा करार असेल तरच. जामीन भरला की बोट आणि माणसे लवकर सोडायची असतात. दोन्ही देश या कराराचे सदस्य आहेत. अडचण अशी की सर क्रीकचा वाद मिटलेला नाही आणि समुद्रातली हद्द ठरलेली नाही. त्यामुळे बोट नेमकी कुठे पकडली, हाच वाद होतो. बोटीवरच्या यंत्रातली जागेची नोंद म्हणूनच मोलाची.

आता ‘नागरिकत्वाची खात्री’ हे शब्द पुन्हा वाचा. ही खात्री हेगमध्ये होत नाही, दिल्लीतही पूर्ण होत नाही. चौकशीचा कागद गृहखात्याकडून राज्याकडे, तिथून पोलिसांकडे आणि शेवटी गावात येतो. नावात, बापाच्या नावात किंवा पाड्याच्या नावात फरक पडला की चौकशी लांबते आणि माणूस आत कुजतो. वकिलाने कितीही चांगले कलम शोधले तरी गावचा दाखला नसेल तर ते कलम लंगडे पडते.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मच्छीमार सोसायट्यांनी एवढे करावे :

– हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक खलाशाचे नाव, बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक, मालक, तांडेल आणि बंदर एका वहीत लिहून ठेवावे.

– आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांच्या प्रती आणि एक फोटो घरी असावा. तिन्ही कागदांवर नाव एकसारखे आहे का, ते निघण्याआधी पाहावे.

– बोट पकडल्याचे कळताच पोलीस ठाणे आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावे.

– चौकशीचा कागद आला की तो टेबलावर पडू देऊ नये.

आपल्या पोरांसाठी वाट

या कामाला इथला, समुद्र आणि पाडे ओळखणारा वकील का नसावा? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला खुल्या गटात ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी वेगळी परीक्षा असते. १८५५ पासूनचे मुंबईचे सरकारी विधी महाविद्यालय चर्चगेटजवळच आहे, आणि पालघर-बोईसरहून चर्चगेटला लोकल जाते.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेची फी खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला ठरवून दिले आहे. पुढे दिल्लीची १९५९ पासूनची भारतीय आंतरराष्ट्रीय कायदा सोसायटी पदविका देते, हेगच्या अकादमीत उन्हाळी वर्ग भरतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. इंग्रजी पक्के हवे आणि पहिली काही वर्षे कमाई थोडी असते, हे घरच्यांनी आधीच धरून चालावे.

असा वकील तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतील. ग्रामपंचायतीच्या कपाटात खलाशांची वही ठेवायला एक दिवस पुरे. पुढची बोट निघण्याआधी ती वही सुरू झाली पाहिजे.