केटीएम चाकणला बनते, मग मोठी केटीएम घेणारा पार्टसाठी ताटकळत का बसतो?

सकाळच्या शिफ्टला चाकणच्या तळेगाव चौकात अडकलात, तर जरा आजूबाजूला बघा. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि त्यातून वाट काढणाऱ्या केशरी केटीएम. नाव ऑस्ट्रियाचं, पण जन्म इथलाच, बजाजच्या चाकण प्लांटमधला.

त्यामुळे पिंपरी-चिंचवडमध्ये एक समज पक्का आहे. कारखाना दारात आहे, मग मोठी केटीएम घ्यायला काय हरकत? उद्या काही बिघडलं तर पार्ट इथंच मिळेल की!

गडबड नेमकी इथंच होते.

आधी थोडा इतिहास. बजाजनं २००७ मध्ये केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि पुढं तो वाढवत नेला. जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आली, किंमत १ लाख १७ हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षी ३९० ड्यूक आली ती १ लाख ८० हजारांना. कॉलेजच्या पोरांना युरोपातली गाडी परवडू लागली. जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा २ लाख ३३ हजारांना आली, तीही बजाजनं चाकणलाच बनवलेली. अप्रिलियाची आरएस ४५७ तर बारामतीत तयार होते.

या गाड्या स्वस्त का? कारण त्यांचे बहुतेक सुटे भाग भारतातच बनतात, आणि लाखो गाड्यांसाठी बनतात. क्लच प्लेट संपली तर ती मागवायला कुणाला युरोपात मेल टाकावा लागत नाही.

मोठ्या गाडीचं गणित वेगळं. टाकीवरचा लोगो तोच, पण इंजिन, चेसिस, इलेक्ट्रॉनिक्स सगळं निराळं. गाडी तयार होऊन बाहेरून येते किंवा सुट्या भागांच्या पेट्यांमधून येऊन इथं जोडली जाते. चाकणच्या कारखान्याचा त्यात हात जवळपास नसतोच.

याचा धडा ७९० ड्यूकनं दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये ही गाडी ८ लाख ६४ हजारांना भारतात आली. विक्री निवडक शहरांत, त्यात पुणेही होतं. गाडी भन्नाट, पण इंजिन बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं. म्हणजे ही गाडी सहा महिन्यांची पाहुणी आहे हे तारखा बघूनच कळत होतं. तिची बीएस-६ आवृत्ती भारतात आलीच नाही. ज्यांनी घेतली त्यांच्याकडे आज अशी गाडी आहे, जी देशात मोजक्याच लोकांकडे आहे. ऐकायला भारी वाटतं. पण ज्या पार्टला वर्षात चार गिऱ्हाईकं, तो कुठलाही डीलर गोदामात भरून ठेवत नाही. ऑर्डर आली की मागवायचा, मग कंटेनर, कस्टम्स, आणि तोवर गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये कव्हर घालून उभी. ईएमआय मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातोच.

आता किंमत. समजा बंदरात उतरताना गाडीची किंमत १० लाख आहे. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटनं १६०० सीसीपर्यंतच्या तयार आयात बाईकवरची कस्टम ड्युटी ५० वरून ४० टक्के केली. म्हणजे झाले १४ लाख. जीएसटी या १४ लाखांवर लागतो, मूळ १० लाखांवर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून ३१ होता. त्याचे ५ लाख ६० हजार. गाडी १९ लाख ६० हजारांवर पोचली, आणि यात डीलरचं मार्जिन, राज्याचा वाहनकर, विमा काहीच धरलेलं नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं.

आणि एवढे पैसे मोजून ती गाडी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नेता येत नाही. दुचाकीला तिथं बंदीच आहे. जुना घाट आहेच म्हणा.

विम्यातला एक मुद्दा शोरूममध्ये फारसा कुणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. इथल्या गाडीबाबत तेवढं व्हायला मोठा अपघात लागतो. आयात गाडीचे पुढचे फोर्क, रेडिएटर, टाकी आणि डिस्प्ले एकदम गेले, तर नुसत्या पार्टच्या बिलानंच ती रेषा जवळ येऊ शकते. त्यातून आयडीव्ही दरवर्षी घटते, पार्टच्या किमती नाही.

मग आला नोव्हेंबर २०२४. महिन्याच्या मध्यात केटीएमनं मोठ्या बाईक पुन्हा भारतात आणल्या. १३९० सुपर ड्यूक आर एक्स-शोरूम २२ लाख ९६ हजारांना. लोक रील्स शेअर करत होते. आणि २९ नोव्हेंबरला ऑस्ट्रियात केटीएमनं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला! न विकलेल्या गाड्यांचा डोंगर साचला होता, कर्ज डोक्यावर होतं. डिसेंबरमध्ये माटिगहोफनच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. मार्च २०२५ मध्ये सुरू झालं, एप्रिलअखेर पुन्हा थांबलं, कारण सुटे भागच नव्हते. फेब्रुवारीत देणेकऱ्यांनी ३० टक्के रकमेवर तडजोड मान्य केली, आणि कंपनी वाचवायला ८० कोटी युरोंचं पॅकेज घेऊन पुढं आली ती आपली आकुर्डीची बजाज. नोव्हेंबर २०२५ पर्यंत केटीएमची सूत्रं बजाजच्या हाती आली.

गंमत बघा, चाकणमध्ये ३९० बनत होत्या त्या या सगळ्या काळातही. ज्याच्याकडे ३९० होती त्याला बातमी होती, ज्यानं १३९० बुक केली त्याला घोर होता.

मालक बदलला म्हणून मोठ्या बाईकचे पार्ट चाकणला बनू लागत नाहीत. त्यामुळे टोकन देण्याआधी काही गोष्टी विचारा. हे मॉडेल देशात किती विकलं गेलंय? ब्रेक पॅड, क्लच, फोर्क सील, लीव्हर यांतलं आज गोदामात काय आहे आणि किमती काय? या इंजिनाचं ट्रेनिंग घेतलेला मेकॅनिक पुण्यात आहे, की मुंबईहून येतो? पुढच्या उत्सर्जन नियमांनंतर हे मॉडेल चालू राहणार का? उत्तरं तोंडी नकोत, मेलवर घ्या.

कारण गाडी महिनोन्‌महिने पार्टविना उभी राहिली तर तेच मेल कामाला येतात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता येते. तिथं भागलं नाही तर ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते, मुदत दोन वर्षांची. जॉब कार्डवर गाडी आत गेल्याची तारीख आहे ना, तेवढं मात्र त्याच दिवशी तपासून घ्या.