साडेचार की साडेपाच?

आमच्या क्रॉयडनच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक फ्रिजच्या वर आणि दुसरं खिडकीशेजारी. खिडकीशेजारच्या घड्याळाखाली एक पिवळट कागद चिकटवलेला आहे. शनिवारच्या मराठी शाळेत नुकतीच बाराखडी शिकलेल्या माझ्या सहा वर्षांच्या मुलाने २०१८ साली त्यावर लिहिलं होतं, ‘आजिचे घडयाळ’. पहिली वेलांटी चुकलीय, जोडाक्षर जमलेलं नाही, पण तो कागद मी कुणाला बदलू दिलेला नाही. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि मित्र घरी आले की त्या कागदासमोर पाठ करून उभा राहतो.

साडेचार की साडेपाच, हे गणित इथे राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कायम चालू असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, एरवी साडेपाच. मी २००२ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा एका ओळखीच्या मावशींनी मला युक्ती शिकवली होती. हिवाळ्यात मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं, बाराच्या जागी सहा. जे वाजलेले दिसतील ती साधारण भारतातली वेळ. करून बघा, जमतं. उन्हाळ्यात मात्र ही युक्ती तासाभराने फसते, हे सांगायला मावशी विसरल्या आणि मी पहिल्या वर्षी भलत्या वेळी फोन करून सासरच्या मंडळींना दुपारच्या झोपेतून उठवलं.

मुलांना हे गणित वेगळंच वाटायचं. धाकटा लहान असताना त्याची ठाम समजूत होती की आजी भविष्यात राहते. एकतीस डिसेंबरला संध्याकाळी साडेसहाला आम्ही सांगलीला फोन लावला. तिकडे बारा वाजून गेले होते, आई खास जागी राहिली होती. याने विचारलं, ‘‘आजी, नवीन वर्ष कसं आहे?’’ आई म्हणाली, ‘‘थंडी आहे रे बाबा.’’ पुढचे कितीतरी दिवस नवीन वर्षात थंडी आहे ही बातमी तो शाळेत सांगत होता.

बाबा गेल्यापासून आई सांगलीच्या घरात एकटी आहे. आमचा फोन रविवारी, तिच्या संध्याकाळी साडेसातला. उन्हाळ्यात आमचे तीन वाजलेले असतात, हिवाळ्यात दोन. ‘‘जेवलीस का?’’ ‘‘तुझं झालं का?’’ ‘‘मुलं काय म्हणतायत?’’ बोलणं फार तर पंधरा मिनिटांचं. आईला मधुमेह आहे. ती सव्वासातला जेवणाआधीची गोळी घ्यायची, साडेसातला आमच्याशी बोलायची आणि मग ताट वाढून घ्यायची. हा क्रम मला ठाऊक होता. म्हणजे असं मला वाटत होतं.

आता २०१९ च्या दिवाळीकडे येते. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं, २७ ऑक्टोबरला. वार रविवार, आणि तोच ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे इथली घड्याळं त्याच पहाटे एक तास मागे गेली. मला तर पर्वणीच वाटली. अभ्यंगस्नानासाठी मुलांना अंधारात उठवायचं, चार वाजता फराळाला अठरा माणसं येणार, आणि त्यात एक तास फुकटचा मिळालेला! सकाळी उटणं लावून लालेलाल झालेला धाकटा घरातली सगळी घड्याळं मागे करायला निघाला. नुकतंच शाळेत घड्याळ शिकवलं होतं. जिन्यातलं केलं, बैठकीतलं केलं, फ्रिजवरचं केलं. मग खुर्चीवर चढून खिडकीशेजारचंही केलं. मी शेजारीच उभी होते. एका हाताने चकल्यांचा डबा बंद करत होते आणि दुसऱ्या हाताने त्याची खुर्ची धरली होती.

दुपारी आजीच्या घड्याळात साडेसात वाजले. इथले तीन. फोन लावणार इतक्यात पहिली पाहुणी आली, ती नेहमीच लवकर येते. वीसेक मिनिटं तिच्यात गेली. मग फोन लावला तर शेजारच्या काकूंनी उचलला. ‘‘आई जरा आडवी झालीय गं. दिवसभराची दगदग. उद्या बोल.’’ मुलं नवे कपडे घालून रांगेत उभी होती. मला खरं सांगायचं तर थोडा रागच आला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मी एवढ्या गडबडीतून वेळ काढला आणि ही झोपली!

दुसऱ्या दिवशी आई फोनवर नेहमीसारखी बोलली. फराळ कसा झाला, शंकरपाळ्या खुसखुशीत झाल्या का, मोहन किती घातलंस. मधे कोविड आला. मी सांगलीला पोचले ती थेट एप्रिल २०२२ मध्ये.

काकू आमच्या ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, ‘‘तुझ्या आईचा फोनवर भारी जीव. त्या लक्ष्मीपूजनाला नाही का, तुझ्या फोनची वाट बघत दारात बसल्या त्या उठेनातच. घामाने चिंब झाल्या होत्या, बोलताही येईना. मी साखरपाणी पाजलं म्हणून.’’ त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे. गवारीची शेंग माझ्या हातात तशीच राहिली.

सव्वासातला गोळी. साडेसातला येणारा फोन आला नऊला दहा मिनिटं कमी असताना. पोटात घास नाही, साखर उतरत गेलेली. मला सकाळी फुकट मिळालेला तास कुठून आला होता ते मला अडीच वर्षांनी कळलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर ओरडले. ज्याची चूक असते तो ओरडतोच. ‘‘गोळी घेतली होतीस तर जेवायचं ना!’’

‘‘जेवायला बसले असते आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला असता तर? उष्ट्या हाताने उचलू?’’

‘‘आणि मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगून काय केलं असतंस? विमान पकडलं असतंस?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला जरूर कळवा.

मग आईने, जणू विषय बदलते आहे असं दाखवत, तिच्या लहानपणची गोष्ट सांगितली. आईचं माहेर गिरगावातलं, जन्म १९४६ चा. तेव्हा मुंबईत दोन वेळा चालायच्या. भारताची स्टँडर्ड वेळ १९०६ साली आली खरी, पण मुंबईने आपला जुना ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नव्हता. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. आजोबा रेल्वेत होते, रेल्वे स्टँडर्ड वेळेने चालायची. आजीच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मुंबईच्या वेळेने. डबा वेळेत झाला की नाही यावरून दोघांचं रोज वाजायचं आणि दोघंही आपापल्या घड्याळाने बरोबर असायचे. ‘‘शेवटी आई रेल्वेच्या टाइमाने उठायला लागली,’’ आई म्हणाली. ‘‘घड्याळ मात्र तिने बदललं नाही. मनातल्या मनात ३९ मिनिटं धरायची.’’

परत आल्यावर मी घरात नियम केला. खिडकीशेजारच्या घड्याळाला कुणीही हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. मुलाला अजूनही ठाऊक नाही. त्याला एवढं मराठी वाचता येतं, पण तो दिवाळी अंक आपणहून उघडेल असं वाटत नाही. उघडलास तर सांगते बाळा, तू सात वर्षांचा होतास आणि खुर्ची मी धरली होती.

या घड्याळं मागेपुढे करण्याच्या उद्योगामागचा माणूस आमच्यापासून फार लांबचा नाही. विल्यम विलेट नावाचा बिल्डर, चिझलहर्स्टला राहायचा. सकाळी घोड्यावरून फिरताना लोकांच्या खिडक्यांचे पडदे अजून बंद बघून त्याला वाटे, केवढा उजेड वाया चाललाय! १९०७ साली त्याने यावर पुस्तिका काढली, पुढची आठ वर्षं पाठपुरावा केला आणि १९१५ साली गेला. कायदा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. पेट्स वुडच्या जंगलात त्याचं स्मारक आहे, दगडी सूर्यघड्याळ. ते बाराही महिने उन्हाळ्याचीच वेळ दाखवतं. थोरलीने हे कुठेतरी वाचलं आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्हाला तिथे नेलं. अर्थात ऊन नव्हतं, त्यामुळे सूर्यघड्याळ कुठलीच वेळ दाखवत नव्हतं. चिखलात उभं राहून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. धाकटा म्हणाला, ‘‘हे पण आजीसारखं. बदलत नाही.’’

थोरली गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ग्लासगोला शिकायला गेली. तिच्यात आणि माझ्यात मिनिटाचाही फरक नाही, दोघींच्या घड्याळात एकच वेळ. आणि मला आठवडे न् आठवडे तिचा आवाज ऐकू यायचा नाही. ‘जेवलीस का’ लिहून पाठवावं तर सहा तासांनी उत्तरादाखल एक अंगठा. रविवारी संध्याकाळी ती फोन करेन म्हणायची. मी पोळ्या करून, झाकून, फोनशेजारी बसायचे. नवरा म्हणायचा, ‘‘अगं, तू जेवून घे, ती करेल सावकाश.’’ मी म्हणायचे, ‘‘दोन मिनिटं थांबते.’’ आठ वाजायचे, नऊ वाजायचे. मला गोळी नसते, एवढाच फरक.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आई सांगलीहून मला म्हणाली, ‘‘काल तिने खिचडी केली होती. मिठाला विसरली.’’

‘‘कुणी?’’

‘‘कुणी म्हणजे? तुझ्या लेकीने.’’

मग उलगडा झाला. थोरली ग्रंथालयातून किंवा मैत्रिणींकडून रात्री दीड-दोनला खोलीवर येते. वसतिगृहात सामसूम, रस्त्यावर पाऊस. मला त्या वेळी फोन केला तर मी दचकून उठेन. सांगलीत मात्र सकाळचे सात-साडेसात झालेले असतात, आईचा दुसरा चहा गॅसवर असतो आणि तिला बोलायला कुणी नसतं. नात जिना चढता चढता आजीला फोन लावते. तिचं मराठी म्हणजे ‘आजी, मी आज पडली’ आणि ‘माझा पाय थंड वाजतो’. आईला इंग्रजी येत नाही. पण दोघींचं छान चालतं. शेवटी ही म्हणते, ‘‘लव्ह यू आजी,’’ आणि आई म्हणते, ‘‘हो हो, दार नीट लावून घे.’’

आधी मला हसू आलं. मग मार्चमध्ये कळलं की पहिल्या सत्रात एका विषयात ती नापास झाली होती, पंधरा दिवस रात्री रडत होती, आणि हे सगळं जानेवारीपासून सांगलीत माहीत होतं. आईने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मग मात्र हसू आलं नाही. मला हेवा वाटला. कुणाचा जास्त वाटला ते अजून ठरलेलं नाही. लेकीला विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलंस?’’ ती म्हणाली, ‘‘आई, तू काळजी करतेस, आणि मग मला तुझी काळजी करत बसावं लागतं. आजी फक्त ऐकते आणि मग तिच्या दूधवाल्याबद्दल सांगते.’’ आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘तिने सांगू नको म्हटलं होतं.’’ विषय संपला.

मी आता थोरलीला ‘जेवलीस का’ विचारायचं कमी केलंय. सोडलेलं नाही. रविवारी तिचा फोन येवो न येवो, मी साडेसातला जेवून घेते.

या जुलैमध्ये पंधरा दिवस सांगलीला होते. दिवाळी कधी आहे ते बघायला आईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयची पानं उचलून ऑक्टोबर काढला. शेवटच्या रविवारच्या चौकटीत, दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी असतात तशाच बारीक अक्षरात, आईने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘लंडन १ तास मागे. नातीचा फोन ६॥ चा ७॥. लेकीच्या फोनआधी जेवणे.’

‘‘हे तुला कुणी सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘जिने सांगायचं तिने,’’ आई म्हणाली. ‘‘तवा तापलाय, पोळी टाक.’’